नाशिकमध्ये घर घेण्यापूर्वी परिसराचा भाव आणि तिथले रोजचे जगणे कसे पारखावे

नाशिकमध्ये घर शोधायला निघालेल्या कुटुंबाच्या कानावर पहिल्या आठवड्यातच दोन प्रकारचे आकडे पडू लागतात. एक आकडा जाहिरातीतला असतो आणि दुसरा ‘आमच्या शेजारचा फ्लॅट एवढ्याला गेला’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांचा. व्यवहार ठरवायला हे दोन्ही आकडे अपुरे आहेत. कोणत्याही वसाहतीतील भाव नोंदणी झालेल्या दस्तांमध्ये पाहावा लागतो, आणि तिथले जगणे कसे आहे हे त्या गल्लीत दिवसाच्या निरनिराळ्या वेळी स्वतः जाऊन पाहिल्यावर कळते. ही दोन्ही कामे सामान्य माणसाला स्वतः करता येण्यासारखी आहेत आणि टोकन देण्यापूर्वी ती पूर्ण करावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

भाव कसा काढावा

नाशिकमध्ये अजूनही बरेचसे बोलणे ‘सेलेबल’ चौरस फुटांत चालते. सेलेबल क्षेत्रफळात जिना, लॉबी, लिफ्ट आणि भिंती यांचा वाटा मिसळलेला असतो आणि तो किती मिसळावा याचे प्रमाण प्रत्येक इमारतीत वेगळे असते, त्यामुळे दोन इमारतींचे सेलेबल दर शेजारी ठेवून काहीच निष्पन्न होत नाही. घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याने विक्री कार्पेट क्षेत्रफळावर करण्याचे बंधन घातले आहे. कार्पेटमध्ये घरातील आतल्या भिंती धरल्या जातात, मात्र बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘रेरा कार्पेट किती’ हाच विचारावा आणि बाल्कनीचे माप वेगळे लिहून घ्यावे.

उदाहरणासाठी एक हिशेब मांडतो. १,२५० चौरस फूट सेलेबल सांगितलेल्या फ्लॅटची किंमत ६२ लाख रुपये आहे, असे समजा. सांगताना दर ४,९६० रुपये होतो आणि तो परवडणारा वाटतो. त्याच फ्लॅटचे कार्पेट ८०० चौरस फूट निघाले, तर दर ७,७५० रुपयांवर जातो. आता त्यात सरकारी खर्च मिळवावा. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक संस्थेचा अधिभार मिळून ६ टक्के, म्हणजे ३,७२,००० रुपये होतात. नोंदणी फी १ टक्का असली, तरी तिची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. इमारत बांधकामाधीन असेल तर ५ टक्के जीएसटीचे ३,१०,००० रुपये आणखी लागतात. एकूण बेरीज ६९,१२,००० रुपये होते, म्हणजेच कार्पेटच्या प्रत्येक चौरस फुटाला ८,६४० रुपये मोजावे लागतात. तुलना करायची ती या शेवटच्या आकड्यांची.

या हिशेबात तीन ठिकाणी फरक पडू शकतो. घर केवळ महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर जीएसटी १ टक्काच लागतो. महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी लागतच नाही, आणि म्हणूनच तयार घराचा दर थोडा चढा दिसला तरी सगळा हिशेब मांडल्यावर ते पुष्कळदा स्वस्त पडते.

आता परिसरातील भाव शोधण्याकडे वळू. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ ही मोफत सेवा आहे आणि तिथे कोणालाही सूची क्रमांक दोन, म्हणजे बोलण्यात ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात, तो पाहता येतो. त्यात दस्ताची तारीख, क्षेत्रफळ, प्रत्यक्ष लिहिलेला मोबदला आणि शासनाने धरलेला बाजारभाव हे सगळे असते. अडचण एवढीच येते की कॉलनीचे रोजच्या बोलण्यातले नाव तिथे चालत नाही. मौजे कोणते आणि सर्व्हे किंवा गट नंबर कोणता, हे माहीत असावे लागते. ते त्या इमारतीतील एखाद्या जुन्या करारनाम्यावर मिळते, आणि मालक खरोखर विकायला बसला असेल तर तो ही प्रत दाखवायला खळखळ करत नाही. त्याच इमारतीतील आणि शेजारच्या तीन-चार इमारतींतील गेल्या दीड-दोन वर्षांतले दस्त पाहावेत, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणून चौरस फूट करावेत आणि मजला व पार्किंग यांची नोंद ठेवावी. असे सात-आठ दस्त वहीत उतरवून काढल्यावर दलालाशी होणारे बोलणे वेगळ्याच पातळीवर सुरू होते.

याच संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडीरेकनरही असतो. २०२५-२६ साठी नाशिक महापालिका क्षेत्रात त्यात सरासरी ७.३१ टक्के वाढ झाली होती. रेडीरेकनर हा बाजारातला भाव नव्हे, शुल्क आकारणीसाठी धरलेला तो किमान आधार आहे. व्यवहाराची किंमत त्याहून बरीच कमी दाखवली तर मुद्रांक शुल्क तक्त्याप्रमाणेच भरावे लागते, शिवाय तफावत १० टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर ती खरेदीदाराचे उत्पन्न म्हणून करपात्र होऊ शकते. काही विक्रेते रकमेचा एक भाग रोख मागतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय दस्तातील किंमत कमी पडल्याने कर्जही कमी मिळते आणि पुढे विकताना कागदावरचा नफा फुगून तुमच्यावरच कराचा बोजा येतो. अशी मागणी झाली तर तो व्यवहार सोडून द्यावा.

घोषणांसाठी पैसे मोजू नयेत

नाशिकमध्ये भाव चढवताना येऊ घातलेल्या प्रकल्पांचे नाव हमखास घेतले जाते. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली आणि पाठोपाठ ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ अशी वाक्ये माहितीपत्रकांत झळकू लागली. पुढची काही वर्षे लोक प्रत्यक्षात रिक्षा, दुचाकी आणि सिटीलिंकच्या बसनेच फिरत राहिले. उलट जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली सिटीलिंक आज ज्या रस्त्यावरून जाते, तिथल्या वृद्धांना, विद्यार्थ्यांना आणि कामावर जाणाऱ्या बायकांना तिचा रोज उपयोग होतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याचा लाभ मुंबईला नेहमी जाणाऱ्याला आहे, पण घर शहराच्या उत्तर टोकाला असेल तर इगतपुरीपर्यंत पोचण्यातच वेळ जातो. रिंगरोड आणि सिंहस्थाच्या रुंदीकरणांबाबतही हाच निकष लावावा. जे बांधून झाले आहे आणि ज्यावरून आपण आज जाऊ शकतो, त्याचीच किंमत धरावी.

परिसर प्रत्यक्ष पाहताना

रविवारी सकाळी अकरा वाजता पाहिलेली गल्ली खरी नसते. त्या वेळी शाळा बंद असतात, कारखान्यांच्या पाळ्या सुटत नाहीत आणि दुकानांसमोर गाड्या नसतात. कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला, संध्याकाळी साडेसहाला आणि रात्री दहानंतर, असे किमान तीनदा जावे. इंदिरानगरमध्ये घर पाहत असाल तर महामार्गाखालचा बोगदा संध्याकाळी ओलांडून बघावा. नाशिकरोड किंवा जेलरोडला राहून शहरात नोकरी असेल तर द्वारका चौकातून सलग काही दिवस ये-जा करून बघावी. कॉलेजरोडला क्लासेस, खाण्याची ठिकाणे आणि तरुणांची वर्दळ उशिरापर्यंत चालते. ज्या घरात शिकणारी मुले आहेत त्यांना ही सोय वाटते, तर आजारी माणूस असलेल्या घराला तीच गोष्ट नकोशी होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला सिडको किंवा पाथर्डी फाटा हाच भाग सोयीचा आहे, आणि त्याने केवळ प्रतिष्ठेपायी गंगापूररोडचा दर मोजण्यात काही अर्थ नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

पाण्याची चौकशी सगळ्यात काळजीपूर्वक करावी. शहराला मुख्यतः गंगापूर धरणातून पाणी मिळते आणि मुकणे व दारणा यांचीही जोड आहे, पण धरण भरले म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी आले असे होत नाही. पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, जमिनीखालच्या टाकीत किती लिटर साठते, बोअर उन्हाळ्यात चालतो का, आणि गेल्या मे महिन्यात टँकर किती मागवले, हे प्रश्न बिल्डरला विचारण्याऐवजी वॉचमनला आणि पहिल्या मजल्यावरच्या गृहिणीला विचारावेत. सोसायटीच्या हिशेबात टँकरचा खर्च वेगळा लिहिलेला असतो, तो मागून बघावा. वसाहतीच्या टोकाला नवी इमारत असेल तर महापालिकेचे नळजोड मिळाले आहे की केवळ बोअरवर भागते आहे, हे कागदावर पाहावे. निव्वळ बोअरचे जड पाणी गीझर, वॉशिंग मशीन आणि नळांच्या तोट्या लवकर खराब करते.

दुसरा भाग पुराचा. गोदावरीसोबत नंदिनी म्हणजे नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी या नद्याही नाशिकच्या वस्तीतून वाहतात. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाल्याचे दृश्य सगळ्यांनी पाहिले, पण घर घेणाऱ्याने घाटापलीकडे, नासर्डीच्या काठच्या वसाहतींकडेही लक्ष द्यावे, कारण लहान नदीचे पाणी कमी वेळात चढते. निळी आणि लाल अशा दोन पूररेषा नकाशावर आखलेल्या आहेत. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधने आहेत आणि निळ्या व लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींसह बांधकाम होते. आपला सर्व्हे नंबर या रेषांच्या कोणत्या बाजूला येतो, हे महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा कागद) काढताना विचारावे. नदीपासून लांब असलेल्या भागातही जुना नाला बुजवून रस्ता केलेला असला तर मोठ्या पावसात पाणी आपली वाट शोधतेच. जुलैच्या शेवटी एखाद्या मुसळधार दिवशी जाऊन बेसमेंट पार्किंग पाहिले की बाकी काही विचारावे लागत नाही.

याखेरीज प्रत्येक भागाची काही खास बाब असते. पाथर्डी शिवारात महापालिकेचा खत प्रकल्प आहे, तर तपोवन आणि आगर टाकळीला मलनिस्सारण केंद्रे आहेत, आणि वास येतो का हे वाऱ्याची दिशा बदलल्यावरच समजते. देवळाली परिसरात लष्करी आस्थापनांच्या लगत बांधकामावर निर्बंध आहेत. पंचवटीत बाजार समितीच्या आसपास शेतमालाच्या गाड्यांची वर्दळ अवेळीही असते, आणि रामकुंड-तपोवनाच्या बाजूला राहणाऱ्यांना २०२७ च्या सिंहस्थातील मुख्य स्नानांच्या दिवशी स्वतःच्या घरी वाहन नेणेही अवघड होईल, हे गृहीत धरावे. मखमलाबाद, म्हसरूळ किंवा गंगापूरच्या पुढे शेताला लागून बंगला घेणाऱ्यांनी बिबट्याच्या वावराची चौकशी शेजारच्या शेतकऱ्याकडे करावी. उसाच्या आणि झाडीच्या भागात ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. घंटागाडी केव्हा येते, दवाखाना आणि किराणा पायी किती अंतरावर आहे, भाजी कुठून आणतात, या साध्या गोष्टीही लिहून ठेवाव्यात, कारण घर घेतल्यावर यांतल्या एकेका गैरसोयीला रोज तोंड द्यावे लागते.

कागदपत्रे

नवा प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशे, पूर्ण करण्याची तारीख, जमिनीवरील कर्ज आणि न्यायालयीन वाद हे सर्व संकेतस्थळावर स्वतः वाचावे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा जास्तीत जास्त आठ सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, आणि नाशिकच्या कॉलन्यांमध्ये अशा लहान इमारती पुष्कळ असल्यामुळे तिथे वकिलाकडून शोध अहवाल (जमिनीच्या मालकीचा मागोवा) घेणे अधिक गरजेचे ठरते. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची असते.

पुनर्विक्रीच्या घरात पूर्णत्वाचा दाखला सर्वांत आधी मागावा. नाशिकमध्ये याला विशेष कारण आहे. काही वर्षांपूर्वी शहरातील अनेक इमारतींमध्ये कपाटांसाठी सोडलेली जागा खोलीत सामील केल्याने बांधकाम मंजूर क्षेत्रफळापेक्षा अधिक झाले आणि ‘कपाट’ प्रकरण म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या वादात पूर्णत्वाचे दाखले दीर्घकाळ अडकून पडले. लोक राहायला आले, पण कागद अपुरे राहिले. त्या काळातील इमारत असेल तर दाखला पूर्ण मिळाला की अर्धवट, आणि आपल्या मजल्याचा त्यात उल्लेख आहे का, हे वाचून पाहावे. मंजूर नकाशा हाती घेऊन खोल्या स्वतः मोजाव्यात.

सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर अजूनही मूळ शेतकऱ्याचे किंवा बिल्डरचे नाव असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नाही, म्हणजे जमिनीची मालकी सदनिकाधारकांकडे आलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. पुढे इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली की ही उणीव फार महागात पडते. नाशिकमध्ये अनेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, तर काही ठिकाणी सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत या कायद्याखाली आणल्याचे घोषणापत्र) आणि आपल्या सदनिकेचे डीड ऑफ अपार्टमेंट पाहावे, संस्था असेल तर भागप्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. सिडकोच्या योजनांतील घरे मुळात भाडेपट्ट्याने दिलेली असल्यामुळे तिथे हस्तांतरणाला परवानगी लागते का हे आणि मूळ करारातील अटी तपासाव्यात, तसेच मूळ घरावर वाढवलेले मजले मंजूर आहेत की नाहीत, हे अवश्य विचारावे.

दरमहाचा खर्च

कर्जाचा हप्ता सगळेच मोजतात. ५० लाखांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले तर तो सुमारे ४३,४०० रुपये येतो. त्याच्या जोडीला मेंटेनन्स, घरपट्टी, पाणीपट्टी आणि टँकरचा वाटा मांडावा. घरपट्टीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: १ एप्रिल २०१८ पासून नव्याने आकारणी होणाऱ्या मिळकतींसाठी महापालिकेने करयोग्य मूल्याचे दर वाढवले, त्यामुळे एकाच गल्लीतील जुन्या आणि नव्या इमारतीच्या घरपट्टीत मोठी तफावत आढळते. दोन्ही इमारतींची बिले मागून पाहावीत. लिफ्ट, जनरेटर, क्लब हाऊस आणि पोहण्याचा तलाव असलेल्या मोठ्या संकुलात मेंटेनन्सही त्या मानाने येतो, आणि पहिल्या दोन वर्षांचा मेंटेनन्स बिल्डरने आगाऊ घेतलेला असल्यामुळे त्याचा खरा आकडा तिसऱ्या वर्षी समोर येतो.

ज्यांना घाई नाही त्यांनी त्याच वसाहतीत आधी ११ महिने भाड्याने राहावे, असे मी सुचवेन. वर उदाहरणात घेतलेल्या ६२ लाखांच्या फ्लॅटला महिना १४,००० रुपये भाडे मिळत असेल तर वर्षाचे उत्पन्न किमतीच्या सुमारे २.७ टक्केच होते. म्हणजे भाडेकरू म्हणून राहणे हप्त्याच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त पडते आणि एक उन्हाळा, एक पावसाळा व एक शालेय वर्ष त्या परिसरात काढून निर्णय घेता येतो. शेजाऱ्यांशी ओळख झाली की विकायला निघालेले घर दलालाकडे जाण्यापूर्वीच कानावर येते.

व्यवहार पूर्ण करताना किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेत्याचे कर्ज शिल्लक असेल तर त्याच्या बँकेचे पत्र घेऊन रक्कम थेट त्या कर्जखात्यात जमा करावी आणि मूळ कागद बँकेतून सुटल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये. दस्त नोंदल्यानंतर घरपट्टी आणि पाणीपट्टीवरील नाव महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, वीज मीटरचे नाव महावितरणकडे आणि भागप्रमाणपत्रावरील नाव संस्थेकडे, असे सगळीकडे लगेच बदलून घ्यावे. जुनी थकबाकी कोणाच्या नावावर होती आणि ताब्याच्या तारखेपर्यंतची बिले कोणी भरायची, हे करारनाम्यातच लिहून घेतलेले असावे.